साडेतीनशेचं इंजिन खोलण्याआधी: जुन्या मसल कारच्या इंजिनकामाचा हिशेब

माझ्या गॅरेजच्या फळीवर आठ पिस्टनांचा एक खोका कित्येक वर्षं पडून आहे. कोरे करकरीत, ३० थाउ ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा तेवढे मोठे. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिलिमीटर. स्वस्तात मिळाले म्हणून इंजिन खोलायच्या दोन महिने आधीच घेऊन ठेवले होते. इंजिन खोललं तेव्हा कळलं की आधीच्या कुणा मालकाने ते एकदा ३० वर बोअर करून (सिलिंडर कापून मोठे करून) घेतलं होतं आणि त्यानंतरही सिलिंडर झिजले होते. मला ४० थाउचे पिस्टन लागले. परत करायची मुदत केव्हाच संपली होती.

कमी पैशांत इंजिन बांधायचं तर कामाचा क्रम पाळावा लागतो. आधी मोजायचं, मग ठरवायचं, खरेदी सगळ्यात शेवटी. आपण बहुतेक जण नेमकं उलटं करतो, कारण पार्ट्सची कॅटलॉगं रात्री जेवण झाल्यावर चाळता येतात आणि मायक्रोमीटर हातात घ्यायला थंड गॅरेजमध्ये जावं लागतं.

डेट्रॉईटच्या आसपास गाड्यांच्या कंपन्यांत काम करणारी मराठी माणसं पुष्कळ आहेत. दिवसभर स्क्रीनवर इंजिन बघायचं आणि ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूच्या कडेला खुर्ची टाकून दुसऱ्यांच्या जुन्या गाड्या बघायच्या, असं काही वर्षं चाललं की कधीतरी आपणही एक घेऊन बसतो. माझी १९७२ची शेव्ही (शेव्हरोले) नोव्हा, म्हणजे मसल कार, त्या काळातली मोठ्या इंजिनाची अमेरिकन गाडी; इंजिन ३५०, म्हणजे ३५० घनइंचांचं. पुढचं सगळं या ३५० स्मॉल ब्लॉकबद्दल (शेव्हीच्या लहान आकाराच्या व्ही-८ इंजिनाबद्दल) आहे. पहिलंच इंजिन बांधणार असाल तर तेच घ्या असं मी सांगेन. शेव्हीचा स्मॉल ब्लॉक १९५५ साली २६५ घनइंचांचा आला, ३५० आलं १९६७च्या कमॅरोत. त्यानंतर ते इतक्या गाड्यांत आणि ट्रकांत बसलं की त्याचे पार्ट्स आजही सगळ्यात स्वस्त आहेत आणि ते बांधलेला माणूस प्रत्येक गल्लीत एक तरी सापडतो. पोंटिॲक किंवा मोपारचं (क्रायस्लरच्या गाड्यांचं) इंजिन वाईट नाही, पण तोच गॅस्केट सेट तिथे महाग पडतो.

खरंच खोलायचं आहे का?

निळा धूर दिसला की लोक इंजिन खाली उतरवतात. थांबा. सकाळी पहिल्यांदा चालू करताना धुराचा एक झोत येऊन मग साफ होत असेल, तर बहुतेक व्हॉल्व्हची रबरी सीलं कडक झाली आहेत. ती हेड (सिलिंडरांवरचं झाकण) न काढताही बदलता येतात. चालवताना सतत धूर येत असेल आणि ऑइल कमी होत असेल, तर मात्र रिंगांचा (पिस्टनवरच्या, सिलिंडरला टेकणाऱ्या कड्यांचा) संशय घ्यायचा.

कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते गेजवर मोजा. इंजिन गरम, आठही प्लग काढलेले, कॉइलची वायर सोडवलेली, बॅटरी पूर्ण चार्ज, थ्रॉटल पूर्ण उघडा. प्रत्येक सिलिंडरला सारखेच चार-पाच फेरे द्या आणि आकडे लिहून ठेवा. एकेका आकड्यापेक्षा त्यांच्यातला फरक महत्त्वाचा: सगळ्यात कमी सिलिंडर सगळ्यात जास्तीच्या तीन चतुर्थांशाखाली गेला तर काहीतरी बिघडलंय. मग त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा बघा. आकडा चढला तर रिंगा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले असतील तर आधी हेड गॅस्केट बघा. (या इंजिनात ड्रायव्हरच्या बाजूला १-३-५-७ आणि दुसऱ्या बाजूला २-४-६-८ असतात, म्हणजे ३ आणि ५ शेजारी.) माझ्या एका मित्राचं अख्खं 'इंजिनकाम' इथेच, एका गॅस्केटवर संपलं. त्याला ते जरा लागलं, कारण इंजिन स्टँड आधीच आणून ठेवलं होतं.

ऑइल प्रेशरसाठी जुना ठोकताळा असा: दर हजार आरपीएमला (मिनिटाच्या फेऱ्यांना) १० पीएसआय (दाबाचं एकक). गरम इंजिन त्याच्या बरंच खाली असेल आणि खालून ठकठक येत असेल तर मात्र खोलावंच लागेल.

हे इंजिन नेमकं कोणतं?

बॉनेटखाली ३५० आहे हे विकणाऱ्याने सांगितलं होतं, एवढ्यावर विसंबू नका. पन्नास वर्षांत इंजिनं बदलली जातात. ब्लॉकच्या मागच्या टोकाला, ड्रायव्हरच्या बाजूच्या फ्लँजवर ओतीव कास्टिंग नंबर असतो. ३९७००१० हा त्यातला नेहमी दिसणारा. पुढे, उजव्या हेडच्या समोर एक छोटी सपाट पट्टी असते, तिच्यावर ठोकून मारलेली अक्षरं आणि आकडे असतात. गाडीच्या व्हीआयएनशी (ओळख क्रमांकाशी) त्यातले आकडे जुळत असतील तर गाडी 'मॅचिंग नंबर्स', आणि तिची किंमत त्यामुळे वाढते.

ही पट्टी आत्ताच बघायला लावण्याचं कारण पैशाचं आहे. मशीन शॉपमध्ये ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग सपाट करायला घेतला की ही पट्टीही त्याच घासणीत जाते आणि आकडे कायमचे पुसले जातात. नंबर जुळत असतील तर फोटो काढा आणि शॉपवाल्याला तोंडी नाही, कामाच्या चिठ्ठीवर लिहून द्या.

क्रँकच्या (पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) मागच्या टोकाचं तेलाचं सीलही आत्ताच बघून ठेवा. १९८५पर्यंतच्या ब्लॉकला ते दोन तुकड्यांचं, १९८६पासून एका तुकड्याचं. क्रँक, ऑइल पॅन, फ्लायव्हील, सगळं त्यावर ठरतं. 'फोर बोल्ट मेन'च्या (क्रँक धरणाऱ्या कॅपना दोनऐवजी चार बोल्ट असलेल्या ब्लॉकच्या) मागे धावू नका. रस्त्यावर चालवायच्या गाडीला दोन बोल्टचा ब्लॉक आणि ओतीव क्रँक पुरून उरतो.

किती घोडे हवेत?

१९७१च्या कागदावर दोन बॅरल कार्ब्युरेटरचं ३५० हे २४५ अश्वशक्तीचं होतं, १९७२च्या कागदावर १६५. इंजिन जवळपास तेच, मोजायची पद्धत बदलली: आधी पंखा, अल्टरनेटर, एक्झॉस्ट वगैरे न लावता मोजत, नंतर सगळं लावून मोजू लागले. म्हणून 'माझ्या गाडीला तीनशे हॉर्सपॉवर होती' असं कुणी म्हणालं की साल विचारा.

दुसरी गोष्ट कॉम्प्रेशनची. १९७१पासून जीएमने (शेव्हीची मालक कंपनी जनरल मोटर्सने) कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, खाली आणलं, कारण शिशाविना पेट्रोल येणार होतं. साडेआठच्या आसपासचं इंजिन इथल्या ८७ ऑक्टेनवर सुखाने चालतं. भारतातल्या पंपावरचा ९१ बघून हे हलकं पेट्रोल समजू नका. अमेरिकेत मोजायची रीत वेगळी आहे, इथलं ८७ म्हणजे तिथलं साधारण ९१.

बजेट कमी असेल तर ध्येय साधं ठेवा: सुरू होणारं, गरम न होणारं, धूर न काढणारं, साध्या पेट्रोलवर चालणारं इंजिन. मोठा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) घालून आयडलवर धडधडणारा आवाज सगळ्यांनाच हवा असतो. पण कमी कॉम्प्रेशन, मूळचा टॉर्क कन्व्हर्टर आणि मागे हायवेचे गिअर असताना मोठा कॅम घातला तर गाडी आधीपेक्षा मंद होते. आवाज तेवढा शर्यतीचा. ५० थाउ लिफ्टवर (कॅमने तेवढं उचललेलं असताना मोजलेला) २०४ ते २१४ अंशांचा कॅम अशा गाडीला शोभतो.

आता पैसे. शहरागणिक भाव बदलतात, त्यामुळे हा फक्त माझा हिशेब. मशीन शॉप, हेडच्या कामासकट १,२५० डॉलर. पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, गॅस्केट, ऑइल पंप, टायमिंग चेन, कॅम, लिफ्टर (कॅमवर टेकून व्हॉल्व्ह ढकलणारे तुकडे) आणि स्प्रिंगा मिळून १,०५०. हत्यारं २८०. ऑइल, कूलंट, रंग, होज, सीलंट, कार्ब्युरेटरचं किट असलं किरकोळ ३९०. हे झाले २,९७०, आणि वर अचानक उपटलेले ४३०. फळीवरचे पिस्टन यात धरलेले नाहीत. सगळ्यात जास्त फसवतो तो 'किरकोळ'चा रकाना. सुरुवातीला मी तिथे १०० लिहिले होते.

आणखी एक आकडा पहिल्याच दिवशी लिहून ठेवा: थांबायचा आकडा. ब्लॉकला तडा निघाला किंवा क्रँक गेला, तर कुठल्या रकमेनंतर हे इंजिन सोडून दुसरं बघायचं? जंकयार्डमध्ये १९८७नंतरची ३५० इंजिनं मिळतात, त्यांतल्या अनेकांत रोलर (टोकाला चाक असलेले) लिफ्टर असतात. तयार बांधलेलं लाँग ब्लॉकही (हेडांसकट जोडलेलं इंजिन) मिळतं. इंजिन उघडं पडलेलं असताना हा विचार नीट होत नाही. अर्थात नंबर जुळणारा ब्लॉक असेल तर हा सगळा हिशेब वेगळा.

उतरवणं आणि खोलणं

सगळं लावलेलं हे इंजिन २५० किलोच्या पुढे जातं. इंजिन क्रेन भाड्याने किंवा उसनी आणा, स्टँड मात्र विकत घ्या. इंजिन त्यावर महिनोन्‌महिने राहणार आहे. बॅलन्सर ओढायचा पुलर, रिंग कॉम्प्रेसर, टॉर्क रेंच अशी हत्यारं ऑटोझोनसारख्या दुकानांत डिपॉझिट भरून वापरायला मिळतात आणि परत केल्यावर पैसे परत येतात. क्रेनवर लोंबकळणाऱ्या इंजिनाखाली हात घालू नका, हे सांगायला नको, तरी सांगतो.

प्रत्येक जागचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर मराठीत चिठ्ठी. माझ्या एका पिशवीवर 'डावीकडचा तो आखूड' असं लिहिलं होतं आणि सहा महिन्यांनी मलाच त्याचा अर्थ लागला नाही. तेव्हा नाव लिहा आणि फोटोही काढा.

खोलताना घाई करू नका, कारण इंजिन का मेलं हे आतच लिहिलेलं असतं. ऑइल पॅनच्या तळाशी प्लास्टिकचे तुकडे दिसले तर दचकू नका: त्या काळात कॅमच्या गिअरला आवाज कमी करायला नायलॉनचे दात असत, ते वयाने तुटतात आणि पंपाच्या जाळीत अडकतात. पॅनमध्ये चमचमणारी पूड असेल तर बेअरिंग गेलं. बेअरिंगचा राखाडी थर झिजून तांबूस धातू दिसतोय का बघा. लिफ्टरचा तळ खोलगट झाला असेल तर कॅम संपला.

मेन कॅप आणि रॉडच्या कॅप एकमेकींच्या जागी बसत नाहीत. त्यांवर नंबर आहेत का बघा, नसतील तर काढण्याआधी ठोका. सिलिंडरच्या वरच्या टोकाला, जिथे रिंग पोचत नाही तिथे, एक कडा राहिलेली असते. ती नखाला लागत असेल तर रिज रीमरने काढूनच पिस्टन वर ढकला, नाहीतर पिस्टन फुटतो. आणि रॉडच्या बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे चढवा. दहा पैशांची नळी क्रँकवरचा ओरखडा वाचवते, आणि तो ओरखडा म्हणजे ग्राइंडिंगचं बिल.

मोजमाप

इथे बजेट ठरतं, म्हणून इथे वेळ द्या. मूळ बोअर ४.००० इंच, स्ट्रोक ३.४८. पिस्टनच्या डोक्यावर ०३० किंवा ०४० असं कोरलेलं दिसलं तर इंजिन आधी बोअर झालेलं आहे. मी हे हेड काढल्यावर वाचलं. स्पार्क प्लगच्या भोकातून वीस डॉलरचा कॅमेरा सोडला असता तर कदाचित आधीच कळलं असतं.

प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली मोजा, आणि प्रत्येक जागी आडवा-उभा. वर आणि खाली ५ थाउपेक्षा जास्त फरक असेल तर नुसत्या रिंगा घालून भागत नाही, रिबोअर करा. त्यापेक्षा कमी असेल, ओरखडे नसतील आणि पिस्टन ठीक असतील, तर होनिंग करून (सिलिंडरची भिंत बारीक घासून) नव्या रिंगा घालणं हा प्रामाणिक मार्ग आहे, त्यात कमीपणा नाही. ३० पर्यंत बोअर निश्चिंतपणे करा, ४० बहुतेकदा चालतं. ६० ला भिंती पातळ होतात. तिथे जायच्या आधी भिंतीची जाडी तपासून घ्या, नाहीतर उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये इंजिन तापत राहील.

क्रँकचे मेन जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) साधारण २.४५ इंच आणि रॉडचे २.१० इंच. नख फिरवून अडकलं नाही आणि माप बरोबर आलं, तर नुसतं पॉलिश पुरतं. नाहीतर १० थाउ ग्राइंड करून तेवढीच अंडरसाइज बेअरिंगं.

मशीन शॉप

कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअरिंगवाल्याकडे ब्लॉक टाकताना जुनी माणसं 'पिस्टन घेऊन या, मग बोअर मारतो' म्हणतात. इथला चांगला मशिनिस्टही तेच म्हणतो. पिस्टन हातात धरून, मोजून, त्याला हवी तेवढी जागा ठेवून शेवटचं होनिंग करायचं असतं. म्हणजे क्रम असा: ब्लॉक शॉपला द्या, धुऊन आणि तडे तपासून घ्या, किती बोअर करायचं ते त्याच्याकडून ऐका, मग पिस्टन मागवा आणि त्याला नेऊन द्या.

तडे तपासण्याचे पैसे वाचवू नका. ते काम सगळ्यात आधी करा, कारण तडा निघाला तर बाकीचं बिल होतच नाही. कॅमची बेअरिंगं शॉपकडूनच बसवून घ्या. हेडवर किती खर्च करायचा हा वेगळा प्रश्न आहे. जुन्या ७६ सीसीच्या हेडना नवे गाइड, नव्या सीट, नवे व्हॉल्व्ह असं सगळं लागत असेल तर १९९६नंतरच्या ट्रकांवरची व्होर्टेक हेडं शोधा. ती हवा कितीतरी चांगली खेळवतात. मात्र त्यांना वेगळं इनटेक मॅनिफोल्ड लागतं, जास्त लिफ्टचा कॅम चालत नाही, आणि त्यांना तडे जातात, म्हणून तपासल्याशिवाय पैसे मोजू नका. शिवाय त्यांचे चेंबर ६४ सीसीचे, म्हणजे कॉम्प्रेशन वर जाणार. पिस्टन निवडताना ते धरा.

एक शॉप मला 'दोन आठवडे' म्हणालं आणि अकरा आठवडे लागले. हे बहुतेक सगळीकडे होतं. हिवाळ्यात काम द्या.

पैसे कुठे वाचवायचे, कुठे नाही

जुने रॉड, जुना क्रँक, जुने रॉकर आर्म, माप बरोबर असेल तर सगळं परत वापरा. रंगरंगोटी, घासपूस, गॅस्केट खरवडणं हे स्वतः करा. शॉपचा तासाचा दर त्यासाठी देऊ नका. क्रोमची झाकणं, ब्रेडेड होज, हाय व्हॉल्यूम ऑइल पंप यातलं काहीही लागत नाही.

जुने लिफ्टर नव्या कॅमवर कधीच घालू नका. प्रत्येक लिफ्टरचा तळ आपल्याच लोबशी (कॅमवरच्या उंचवट्याशी) घासून बसलेला असतो. जुना कॅम जुन्याच लिफ्टरसह परत घालायचा असेल तर प्रत्येक लिफ्टर आपल्याच जागी. स्वस्तातला अनोळखी कॅमही टाळा. कॅम गेला तर त्याची पूड सगळ्या नव्या बेअरिंगांतून फिरते आणि काम पहिल्यापासून सुरू.

जोडणी

जोडणीत सगळ्यात मोठा शत्रू घाण. होनिंगनंतर सिलिंडर पेट्रोलने पुसून साफ होत नाहीत. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि ब्रश, पांढरं फडकं पांढरंच बाहेर येईपर्यंत. लगेच कोरडं करून ऑइल चोळा. दहा मिनिटांत गंज धरतो. तेलाच्या वाटांतूनही लांब ब्रश घाला.

त्या वाटांच्या तोंडांवरचे प्लग शॉपने काढले असतील तर सगळे परत बसलेत का मोजा: पुढे टायमिंग कव्हरमागे, मागे फ्लायव्हीलकडे, आणि मागच्या मेन कॅपखाली लपलेला एक. हा शेवटचा राहिला तर तेल फिल्टरला वळसा घालून जातं आणि बाहेरून काहीच कळत नाही.

बेअरिंगमधली फट प्लास्टिगेजने (दाबल्यावर पसरणाऱ्या, फट मोजायच्या प्लास्टिकच्या धाग्याने) तपासा. २ ते ३ थाउ हवी. रिंगेचं तोंड (दोन टोकांमधली फट) दर इंच बोअरला ४ थाउ, म्हणजे इथे १६. टॉर्क फूट-पाउंडांत: मेन ७० (फोर बोल्ट ब्लॉकचे बाहेरचे ६५), रॉड ४५, हेड ६५. हे मूळच्या बोल्टांसाठी. दुसऱ्या कंपनीचे बोल्ट असतील तर त्यांचा कागद वाचा. हेडचे प्रत्येकी १७ बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत. ते पाण्याच्या जागेत उतरतात, म्हणून आट्यांना सीलंट लावायलाच हवं, नाहीतर महिन्याने बोल्टाच्या डोक्याशी कूलंट पाझरताना दिसेल. प्रत्येक कॅप घट्ट केल्यावर क्रँक हाताने फिरवून बघा. अडला तर तिथेच थांबा आणि शेवटचं काम उलगडा.

पहिला स्टार्ट

फ्लॅट लिफ्टरचा नवा कॅम पहिल्या अर्ध्या तासात जगतो किंवा मरतो. इंजिन सुरू झाल्याबरोबर २,००० ते २,५०० आरपीएमवर न्या आणि २० ते ३० मिनिटं आरपीएम थोडं वर-खाली करत तिथेच ठेवा. आयडलवर सोडू नका; लिफ्टरला तेल क्रँकच्या शिडकाव्याने मिळतं आणि तो मंद फेऱ्यांत पुरत नाही. ब्रेक-इनचं, झिंक-फॉस्फरस जास्त असलेलं ऑइल वापरा. आजच्या साध्या ऑइलमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी ते कमी केलेलं असतं.

म्हणून स्टार्टर फिरवत बसायची वेळ येता कामा नये. आधी ऑइल चढवून घ्या: जुन्या डिस्ट्रिब्युटरचा गिअर काढून तो ड्रिलला लावा आणि सगळ्या रॉकरांतून तेल येईपर्यंत पंप फिरवा. नुसता दांडा लावला तर लिफ्टरच्या वाटेतून प्रेशर निसटतं, डिस्ट्रिब्युटरचं नळकांडं सोबत हवं. फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२, वायरा दोनदा तपासा. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल, रेडिएटरमध्ये कूलंट, गॅरेजचं दार सताड उघडं, अग्निशामक हाताशी. मदतीला एक माणूस हवाच: एक ऑइल प्रेशरवर डोळा ठेवणार, दुसरा गळती बघणार. माझ्याकडे बायको होती. तिने शांतपणे 'अहो, खाली काहीतरी हिरवं येतंय' म्हटलं तो पाण्याच्या पंपाचा एक बोल्ट होता.

अर्धा तास झाला की बंद करा, गार होऊ द्या, ऑइल आणि फिल्टर बदला. जुना फिल्टर फेकू नका. कापून उघडा, आतला कागद पिळून उन्हात पसरा. असेंब्ली ल्यूबचा (जोडताना चोळलेल्या वंगणाचा) काळा थर आणि थोडी बारीक चमक पहिल्या वेळी दिसतेच. चुंबकाला चिकटणारे कण असतील तर कॅमचे लोब बघा, तांबूस चकत्या असतील तर बेअरिंग. दुसरा फिल्टर ५०० मैलांवर कापा. तो स्वच्छ निघाला तर नेहमीच्या ऑइल बदलाच्या वेळापत्रकावर या.